चाळीस सेकंदांची सरूकाकी

गेल्या श्रावणात एका मंगळवारी सकाळी मी माझ्याच घराबाहेर अडकून पडलो. यात तसं विशेष काही नाही, कुणीही अडकतो. पण गेली सव्वीस वर्षं मी मालवणात लोकांच्या दारांना कुलपं, कड्या आणि अलीकडे कॅमेरे बसवून पोट भरतो, हे लक्षात घेतलं तर प्रकार जरा नाजूक होतो.

झालं असं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, सकाळच्या एसटीनं माहेरी गेली होती. मागच्या माडाचा नारळ धप्पकन पडला, तो उचलायला मी होतो तसा, बनियन-लुंगीवर बाहेर गेलो आणि दार मागं आपलं आपण लागलं. आमच्या दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप आहे. गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला म्हणून मीच ते दीड-दोन वर्षांपूर्वी बसवलं. त्याचे सेल संपत आले की ते आधीपासून कुईकुई करायला लागतं. ‘आवाज आला की त्याच दिवशी सेल बदला, उद्यावर टाकू नका,’ असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. आमचं कुलूप पंधरा दिवस कुईकुई करत होतं आणि मला वाटत होतं, माळ्यावर चिमणीनं पिल्लं काढलीत.

अशा वेळी बाहेरून एक चौकोनी सेल टेकवला की कुलूप जिवंत होतं. सेल दुकानात होता. दुकानाची किल्ली घरात होती. मोबाईल घरात, चार्जिंगला. अडीअडचणीसाठी या कुलपाबरोबर दोन खऱ्याखुऱ्या किल्ल्या मिळतात, त्या दोन्ही कपाटाच्या खणात आहेत असं मी धरून चाललो होतो. म्हणजे मी स्वतः सोडून सगळं काही सुरक्षित होतं.

नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. शेजारच्या मंगलवहिनींनी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावून विचारलं, नारळ घेऊन असे का बसलात? म्हटलं, “वारो खातंय.” त्यांनी चहा आणून दिला. तासाभरानं पुन्हा डोकावल्या आणि पंखा बिघडलाय का म्हणून चौकशी केली. मी म्हटलं, नाही, बाहेरची हवा चांगली. वरून भुरभुर पाऊस सुरू होता. कुलूपवाल्यानं शेजारणीला ‘माझं कुलूप उघडत नाही’ म्हणून सांगायचं तरी कसं? तसा मी साडेतीन तास बसलो. काही काम नसलं की माणसाच्या डोक्यात जे यायला नको तेच येतं. मला सरूकाकी आठवली.

तिची गोष्ट सांगण्याआधी धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक नेमकी काय ते कळणार नाही.

लोकांना वाटतं चोर कुलूप फोडतो. चोराला कुलपाशी काही कर्तव्य नसतं. तो कोयंडा उचकटतो. भलंमोठं पितळी कुलूप आणतात आणि कोयंडा बसवतात बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंवर. खाऱ्या हवेनं ते दोन पावसाळ्यांत गंजतात. मग पहार लागत नाही, पितळी कुलपाच्या वजनानंच ते निम्मे बाहेर आलेले असतात. रेडीला एका निवृत्त गृहस्थांनी मला बोलावलं होतं. पुढच्या दाराला आतून सात कड्या. रोज संध्याकाळी त्या लावायलाच त्यांना दहा मिनिटं लागत. आठवी बसवायला मी गेलो होतो. मागच्या दारी हात धुवायला गेलो तर ते दार सुंभानं बांधलेलं. विचारलं तर म्हणाले, “थयसून कोण येतलो? थय गुरांचो गोठो हा.” चोराला शेणाची किळस येते अशी त्यांची ठाम समजूत होती. मी आठवी कडी मागच्या दाराला लावली, तर ते माझ्यावर वर्षभर रागावले होते.

देवबागला एकाची वाळत घातलेली सुकी मासळी रोज थोडी थोडी कमी व्हायची. त्याचा शेजाऱ्यावर संशय. दोन घरांचं बोलणं बंद. मी कॅमेरा लावला. चौथ्या दिवशी चोर सापडला. त्याची म्हातारी आई रोज दुपारी बांगडे उचलून, लांबवर जाऊन, मांजरांना घालत होती. त्यानं मला विचारलं, आता काय करू? मी म्हटलं, शेजाऱ्याकडे जाऊन चहा पी. हे शहाणपण मला तेव्हा होतं. दुसऱ्याच्या बाबतीत मला ते नेहमीच असतं.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे कितीतरी घरं वर्षभर बंद असतात. माणसं मुंबईला. चतुर्थीला येतात, मे महिन्यात येतात, बाकी वेळ घर आणि देव शेजाऱ्याच्या हवाली. किल्ली शेजारी असते, आणि ती नुसती ठेवायला दिलेली नसते. देवाला संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. तुळशीला पाणी पाहिजे. दारापुढचं अंगण, आमचं खळं, झाडलेलं पाहिजे. हे काम कुणी कुणाला सांगत नाही आणि त्याचे कुणी कुणाला पैसे देत नाही.

सुनंदाच्या माहेरच्या वाडीत विलास नावाच्या माणसाचं असंच घर आहे. विलास डोंबिवलीला असतो. त्याची आई वारली तेव्हापासून घराची किल्ली शेजारच्या सरूकाकीकडे होती. काकीची सत्तरी जवळ आलेली, नवरा नाही, मुली लग्न होऊन गेलेल्या. किल्लीला काळा दोरा बांधून ती तिनं आपल्या देवांच्या शेजारी खिळ्याला अडकवलेली. रोज दिवेलागणीला आधी विलासच्या देवाला दिवा, मग आपल्या.

परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या मे महिन्यात विलासनं मला बोलावलं. त्यानं कुठंतरी बंद घरं फोडल्याची बातमी वाचली होती. मी पडवीत वरच्या कोपऱ्यात एक कॅमेरा बसवला. पुढचं दार आणि खळं दोन्ही त्यात येई. मोबाईलवर डोंबिवलीत बसून दिसेल असं करून दिलं. चावीचं सगळं, म्हणजे पासवर्ड वगैरे, माझ्याकडेही होतं, कारण विलासला ते जमत नसे. मी विचारलं, काकीला सांगायचं ना? तो म्हणाला, “कशाला? उगाच घाबरेल म्हातारी.” मला ते पटलं. खरं तर शिडीवरून उतरून दहा पावलांवर तिचं घर. मी तिथं पाणी प्यायलो, तिनं गुळाचा खडा दिला, आणि मी तिला सांगितलं की विजेची वायर दुरुस्त करतोय.

चतुर्थीला पंधरा-सोळा दिवस राहिले होते. विलासचा फोन आला. मोबाईलवर ‘माणूस दिसला’ अशी सूचना येतेय, पण चित्र उघडत नाही, जरा बघ. दुकानात गर्दी होती. मी एका हातानं उघडून बघितलं. सरूकाकी दारातून बाहेर येते. जुन्या लुगड्यात बांधलेलं जड बोचकं तिच्या कमरेवर. ती खळ्यात थांबते, डावीकडे बघते, उजवीकडे बघते, दार ओढून घेते आणि आपल्या घराकडे निघून जाते. चाळीस सेकंद.

तेवढे चाळीस सेकंद मी कापून विलासला पाठवले. खाली लिहिलं, ‘बघून घ्या.’

या दोन शब्दांवर मी पुढं खूप विचार केला आहे. ‘काकी दिसताहेत’ असं लिहिता आलं असतं. काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण आपला कॅमेरा कामाला आला याचा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला होता.

विलासनं ते घरच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर वाडीतलेही चारजण होते. दुपारपर्यंत सरूकाकी बोचकं घेऊन वाडीभर फिरली. संध्याकाळी विलासनं काकीला फोन केला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, घरातलं काही न्यायचं असेल तर विचारून नेत जा. तिला आपल्यावर कॅमेरा आहे हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं मालवणला आली, माझ्या दुकानात. मी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. काळ्या दोऱ्याची किल्ली तिनं काउंटरवर ठेवली.

“चवथीची भांडी घासूक न्हेलंय,” ती म्हणाली. “समई, हंडो, घंगाळ. त्याच्या बावीचो रहाट मोडलो हा म्हणान माज्या बावीर न्हेलंय. दरवर्षा मीच घासतंय. त्याच दिसा तीन वाजता सगळा परत आणून ठेयलंय. तां नाय दिसला तुका?”

मी म्हटलं, बघतो.

“आणि आजूबाजूक कशाक बघलंय, तां पण सांगतंय. जनीची शेळी सुटली होती. तुळस खाता ती.”

मग ती जायला वळली आणि दारातून म्हणाली, “विलासाक सांग, आता सांजेचो दिवो कॅमेऱ्याक लावूक सांग.”

ती गेल्यावर मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्या दिवसाचं पुढचं चित्र उघडलं. बरोबर तीनला सात मिनिटं कमी असताना सरूकाकी खळ्यात येते. तेच बोचकं, पण आता ते तिनं अंगापासून जरा लांब धरलंय, घासलेल्या भांड्यांना घाम लागू नये म्हणून धरतात तसं. लुगड्याच्या फटीतून समईचं टोक इतकं लखलखत होतं की कॅमेऱ्याचा डोळा क्षणभर पांढरा झाला.

जाणं मी कापलं होतं. येणं मी बघितलंच नव्हतं.

आता कुणीही म्हणेल, तेही कापायचं आणि पाठवायचं, मिटला विषय. मीही तसंच ठरवलं. पण ते पाठवलं असतं तर पहिलं पाठवताना मी काय केलं होतं तेही दिसलं असतं. विलास नवीन गिऱ्हाईक, त्याच्या ओळखीनं डोंबिवलीकरांची इथली आणखी चार घरं मिळायची होती. उद्या पाठवू. मग चतुर्थीचा हंगाम सुरू झाला. चाकरमानी यायच्या आत प्रत्येकाला कुलूप हवं, बेल हवी, कॅमेरा हवा. सुनंदा रात्री जेवताना विचारायची, धाडलात काय? मी म्हणायचो, उद्या नक्की.

कॅमेऱ्याच्या डब्यात एक चकती असते. तिची जागा भरली की ती सगळ्यात जुनं पुसते आणि त्यावर नवं लिहिते. विलासच्या घरी लावली होती ती पंधरा दिवसांची. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: महत्त्वाचं असेल तर पंधरा दिवसांत उतरवून घ्या. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी उघडलं तेव्हा त्या तारखेवर काहीच नव्हतं. सरूकाकी बोचकं घेऊन बाहेर पडते ते दहा-पंधरा मोबाईलवर होतं. ती परत येते ते जगात कुठंही नव्हतं.

मी विलासला तोंडी सांगितलं की भांडी तिनं परत ठेवली होती. “हो, ती घरातच मिळाली,” तो म्हणाला, “विषय संपला.” त्याच्यापुरता संपलाही होता. काकीला त्यानं पेढ्यांचा पुडा नेऊन दिला. तिनं तो घेतला, त्याच्या पोरांना मोदक दिले, पण किल्ली परत घेतली नाही. तेव्हा मी काय करावं? मी विलासला एक यंत्र विकलं. संध्याकाळ झाली की देवासमोरचा विजेचा दिवा आपोआप लागतो आणि सकाळी विझतो. हे मी लपवून ठेवलं असतं, पण सुनंदा हे वाचणार आहे.

बंद घर चोर कसं ओळखतो, हे मला कुणीही विचारावं, मी अर्धा तास बोलेन. तो कुलूप बघत नाही, खळं बघतो. पाचोळा साचलाय का, तुळस सुकलीय का, दारासमोर पावलं उमटलीत का. झाडलेलं खळं म्हणजे या घरात माणसाचा वावर आहे. सव्वीस वर्षं लोकांना हे सांगत आलो आणि विलासचं खळं कोण झाडत होतं हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

ऑक्टोबरच्या गडगडाटात वीज पडून कॅमेऱ्याचा डबा जळला. विलासनं सांगितलं, दिवाळीनंतर बदलू. फणसाची पानं खळ्यात गुडघाभर साचली. तुळस वाळून काडी झाली. मार्गशीर्षात कधीतरी, दिवसाढवळ्याच असणार, कुणीतरी मागच्या बाजूनं छपराचे नळे काढून आत उतरलं. कुठल्या दिवशी ते आजही सांगता येत नाही. पुढं एकदा सुनंदाच्या भावानं छपराला पडलेलं भोक बघितलं. घरात नेण्यासारखं होतं काय? समई, हंडा आणि घंगाळ. समई विलासच्या आईची होती.

हवालदार आले, विलास आला, वाडी जमली. मलाही बोलावलं. हवालदारांनी रीतीप्रमाणे विचारलं, घराची किल्ली आधी कुणाकडे असायची? कुणीतरी म्हणालं, सरूकाकीकडे. आणि कुणीतरी, मी नाव घेत नाही, मोबाईल पुढं केला. हवालदारांनी ते चाळीस सेकंद दोनदा बघितले. सरूकाकी गडग्यापलीकडे आपल्या खळ्यात उभी होती, हातात खराटा. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

मी पुढं झालो. म्हटलं, साहेब, हे अर्धं आहे. त्याच दिवशी काकीनं भांडी परत आणून ठेवली, मी डोळ्यांनी बघितलंय.

“दाखवा,” हवालदार म्हणाले.

“पुसलं गेलं.”

“मग तेव्हाच का नाही पाठवलंस?” हे विलासनं विचारलं.

काहीतरी थाप सुचली असती. पण गडग्यापलीकडे खराट्याचा आवाज थांबलेला मला ऐकू येत होता. म्हटलं, “माझी चूक दिसली असती, म्हणून.”

हवालदार शहाणे होते. छपराकडे बघून म्हणाले, ही बाई नळ्यांवर चढेल असं कुणाला वाटतं का? आणि त्यांनी तो विषय सोडला. वाडीनं सोडला की नाही, मला सांगता येत नाही. काकीचं नाव खळ्यात, पोलिसांसमोर, एकदा निघालं ते निघालंच. चोर अजून सापडलेला नाही. मी बोललो तेव्हा मला वाटलं होतं की काकी काहीतरी म्हणेल, शिवी तरी देईल. ती घरात निघून गेली होती.

फाल्गुनात मी तिच्याकडे एकटाच गेलो. किल्ली खिशात होती. ती पडवीत बसली होती. मी म्हटलं, “काकी, चुकलंय.” ती म्हणाली, बस. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मी किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उचलली, काळा दोरा जरा सरळ केला आणि परत माझ्या हातात दिली. मग परसात गेली आणि ओंजळभर बिंबलं घेऊन आली. पितळ घासायला या आंबट फळांसारखं दुसरं काही नाही. तिचं झाड नुसतं लगडलं होतं. “न्ही,” ती म्हणाली. “माका आता इतकी कशाक होयी?”

ती किल्ली माझ्या दुकानात खिळ्याला आहे. विलासनं ते दारच बदललं, त्यामुळं ती आता कशालाच लागत नाही.

तर पायरीवर बसून मी हे सगळं उगाळत होतो. दुपारी सुनंदा रिक्षातून उतरली. माझ्याकडे, नारळाकडे, ओल्या लुंगीकडे तिनं एकदा बघितलं. तशीच गडग्यापाशी गेली आणि हाक मारली, “मंगल, दी गो ती.” मंगलवहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात एक किल्ली होती. सुनंदानं ती कुलपाच्या खालच्या भोकात घातली आणि दार उघडलं. माझ्या कपाटाच्या खणातली किल्ली.

तिनं पिशवी खाली ठेवली, तिच्यात वरपर्यंत बिंबलं होती. मी विचारलं, “ही मंगलवहिनींकडे कधीपासून?”

“कुलूप बसवलात त्याच दिसापासून,” सुनंदा म्हणाली. “मी तिका सांगान ठेयलंय, त्येंनी इचारल्याशिवाय किल्ली दिव नको. भिजान बसलात, पण इचारूक नाय. त्या दिसा काकीक तरी खंय इचारलात?”